तीन तुटक, एक लांब

माझा मोठा भाऊ हुशार होता, आणि त्याने एकच मोठी चूक केली: माझ्या कानांवर भरवसा ठेवला. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रारीनेही नाही. कशाने सांगते आहे, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

नवे पैसे सुरू होण्याच्या सुमाराची गोष्ट. माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले होते. माहेर जळगावला लागून पिंप्राळ्याचं. तेव्हा ते वेगळं गावच होतं, सगळं शिवार केळी-कपाशीचं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते केळी लावायचे. भाऊ जळगावात एका शाळेत विज्ञान शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ तारा, व्हॉल्व्ह आणि बॅटऱ्या यांच्यात घालवायचा. हौशी बिनतारीचा परवाना त्याने रीतसर परीक्षा देऊन मिळवला होता. त्या परीक्षेसाठी तारेची कट्ट-कडकट्ट शिकताना समोर बसवायला घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं, म्हणून मला बसवलं. पाटावर ठोकलेली पितळी चावी मी दाबायची आणि त्याने अक्षरं ओळखायची. त्यात मलाही अक्षरं आली, पण सावकाश. वेगाने कोणी वाजवलं की माझा गोंधळ उडायचा, आणि भाऊ म्हणायचा की तुझे कान चांगले आहेत, घाबरतं ते डोकं.

परवाना मिळालेले बाकीचे लोक मोठमोठी यंत्रं लावून दूरदूरच्या देशांशी बोलत. भावाचं उलटं होतं. मोठ्याने ओरडून कोणीही ऐकवील, त्याला कुजबुजून ऐकवायचं होतं. कमीत कमी किती शक्तीवर आपली खूण किती लांब पोचते, हे त्याला बघायचं होतं. टॉर्चच्या दिव्याला लागते त्याहूनही कमी शक्ती, आणि अंतर पिंप्राळ्यापासून धुळ्यापर्यंतचं, म्हणजे पन्नासहून जास्त मैल. या उद्योगाला तो बीकन म्हणायचा. बोलायचं काही नाही, एकच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं: तीन तुटक आणि एक लांब. त्यासाठी त्याने एक लाकडी चकती केली होती. तिच्या कडेला पितळेच्या तीन आखूड पट्ट्या आणि एक लांब, आणि फिरवायला जुन्या शिवणयंत्राचं हँडल. मळ्यातल्या निंबापासून विहिरीच्या खांबापर्यंत तार बांधली होती. शाळेत जायच्या आधी, सकाळी साडेनऊला, तो अर्धा तास ते हँडल फिरवत बसायचा. सुरुवातीला आणि शेवटी मात्र चकती बाजूला ठेवून परवान्यावरची आपली अक्षरं हाताने वाजवायची, असा नियम होता.

आणि धुळ्याला ऐकायला मी.

सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, चांगला मोठा रेडिओ होता. नाना कोर्टातून निवृत्त झालेले. सकाळच्या बातम्या ऐकून ते पूजेला बसत, ती साधारण तासाभराची. तेवढ्या वेळात रेडिओ माझा, अशी त्यांनी परवानगी दिली होती. त्यांच्या मते हा सगळा खटाटोप भाऊ सुखरूप आहे की नाही हे कळावं म्हणून होता, आणि सासरी आलेल्या मुलीला तेवढं मिळायला हरकत नाही असं ते सासूबाईंना समजावत. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. भावाने पत्र्याच्या डब्यात एक जादा व्हॉल्व्ह बसवून दिला होता. तो रेडिओशेजारी ठेवला की खूण बारीक शिटीसारखी ऐकू येईल, असं त्याचं म्हणणं. फार कमी शक्ती असली तर शिटी येणार नाही, नुसतं खरवडल्यासारखं येईल, असंही तो म्हणाला होता. हे दुसरं वाक्य तो अंदाजाने बोलला होता, हे मला पुढे कळलं.

घट बसले त्या दिवशी पहिल्यांदा कानाला भोंगा लावल्यासारखी मी रेडिओला चिकटले. खरखर, कुठलं तरी परक्या भाषेतलं गाणं, पुन्हा खरखर. आणि त्या खरखरीत, जिवाचा कान करून ऐकल्यावर, आलं. टिक टिक टिक खर्र. टिक टिक टिक खर्र. शिटी नव्हती, पण मोजून तीन तुटक आणि एक लांब. मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच सासूबाईंच्या पाया पडले. त्या घाबरल्या.

कार्ड टाकलं: ऐकू आलं. भावाने उलट टपाली लिहिलं की आता शक्ती निम्मी करतो. पुन्हा ऐकू आलं. त्याने आणखी कमी केली. आठवड्याला दोन कार्डं जायची, आणि प्रत्येक कार्डानंतर तो एक पायरी खाली उतरायचा. दिवाळी यायच्या आत मोठी बॅटरी बाजूला पडली आणि टॉर्चच्या चार सेलवर काम आलं. शाळेतले मास्तर त्याला हसायचे, ते हळूहळू चौकशी करायला लागले.

एक गोष्ट मी त्याला लिहीत नव्हते. परवान्याची अक्षरं मला ऐकू येत नव्हती. सुरुवातीची नाही आणि शेवटचीही नाही. तो ती हाताने भरभर वाजवत असणार आणि आपल्याला वेग झेपत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. लग्न झाल्यावर मुलगी मठ्ठ झाली असं त्याला वाटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. आता लिहिताना हे कारण किती फुसकं आहे ते दिसतं. तेव्हा मात्र ते भक्कम वाटायचं.

त्या टिकटिकीची मला सवय लागली. सवय कसली, मी तिच्यावर जगत होते. हे दौऱ्यावर असायचे, घर नवं, माणसं चांगली असली तरी परकी. साडेनऊ वाजले की भाऊ बोलायचा. रोजचा वेग सारखा नसायचा. कधी टिकटिक घाईची, मग मी म्हणायची, आज शाळेला उशीर झालेला दिसतो. कधी मध्येच मंदावायची, जड जड यायची. मग मला वाटायचं, याचं काहीतरी बिनसलं आहे, आबांशी बोलाचाली झाली असेल. एकदा फारच रडतखडत चालली होती, तेव्हा मी कार्डात विचारलं की तब्येत बरी नाही का. त्याने लिहिलं की थोडी सर्दी आहे, तुला कसं कळलं. मी ते कार्ड पाटल्यांच्या डबीत ठेवून दिलं.

मग अमावस्येचा घोळ सुरू झाला. दिवाळीच्या अमावस्येला काहीच ऐकू आलं नाही. मी तसं लिहिलं. कार्तिकातल्या अमावस्येला नाही. मार्गशीर्षात नाही, पौषात नाही. बाकी दिवस बहुतेक सगळे भरलेले आणि अमावस्या तेवढी कोरी. भावाने वहीत तक्ता काढला आणि तो चक्रावला. आबांचं ऐकून अमावस्येला नवं काही करायचं नाही, प्रवासाला निघायचं नाही, असल्या गोष्टींची त्याने जन्मभर टिंगल केली होती. आणि आता त्याचाच तक्ता त्याला सांगत होता की अमावस्येला काम होत नाही. आबांना कळलं तेव्हा ते खूश झाले. जो माणूस त्या तारेला वाळत घालायची दोरी म्हणायचा, तो रोज सकाळी मळ्यात येऊन हँडल फिरवताना बघत बसू लागला. भावाला म्हणाले, "मी काय सांगे? अमावस्याले काम नही होत. तुह्या यंतरालेबी आता कळलं."

भावाने पुस्तकं मागवली, पत्रं लिहिली, डोकं खाजवलं. शेवटी त्याने सिद्धांत मांडला की वर आकाशात बिनतारीच्या लहरी परत फिरवणारा जो थर आहे, त्याच्यावर चंद्राचा परिणाम होतो, आणि तो इतका नाजूक आहे की मोठ्या यंत्रांना कळत नाही. फक्त अगदी क्षीण खुणेलाच कळतो. त्यावर त्याने वीस पानी निबंध लिहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांचं एक संमेलन होतं, तिथे तो वाचायचा होता. मला लिहिलं की निबंधात तुझा उल्लेख आहे. नाव नव्हतं, 'धुळ्याचे विश्वासू निरीक्षक' असं होतं. मी तो शब्द चार वेळा वाचला.

फाल्गुन लागला आणि टिकटिक बंद पडली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, ओळीने दहा दिवस. अमावस्या तर लांब होती. मी खरं ते लिहीत गेले: ऐकू आलं नाही, ऐकू आलं नाही. भावाने सेल बदलले, तार उतरवून पुन्हा बांधली, आणि शेवटी ते दहा दिवस सेलांच्या दोषात टाकून मोकळा झाला. अकराव्या दिवशी मी नेहमीसारखी बसले. काही नाही. नुसती खरखर. नाना आत मंत्र म्हणत होते. पावणेदहाच्या सुमाराला गल्लीच्या टोकाची पिठाची गिरणी सुरू झाली. तिचा तो घूंऽऽ असा आवाज हळूहळू चढत गेला, आणि रेडिओतून आलं: टिक... टिक... टिक... खर्र. आधी सावकाश, मग वेग घेत. गिरणीचा आवाज जसा चढत होता, तशी माझ्या भावाची खूण चढत होती.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं, पण ते घ्यायला मन तयार नव्हतं. मी डबाभर बाजरी घेतली आणि दळणाच्या निमित्ताने गिरणीत गेले. गिरणीवाल्याची आई वारली होती. दहा दिवस सुतकात गिरणी बंद होती, आणि तेराव्याच्या आधीच लोकांची अडचण नको म्हणून त्याने आज ती उघडली होती. अमावस्येला तर ती बंद असायचीच. मी कोपऱ्यात उभी राहून मोटारीवरून जात्याकडे जाणारा पट्टा बघत राहिले. जुना पट्टा होता. तीन ठिकाणी लहान ठिगळं, जवळजवळ, पत्र्याच्या चापांनी टाचलेली. आणि जरा पुढे एक हातभर लांबीचं मोठं. ठिगळ चाकावरून गेलं की बारीक ठिणगी उडायची. तीन लहान आणि एक मोठी. माझी बाजरी जात्यावरच्या पाळ्यात पडली तशी मोटार दबली, पट्टा मंदावला, आणि ठिणग्या जड जड यायला लागल्या.

म्हणजे सहा महिने मी बाजरीला भावाचं दुखणं समजत होते आणि गव्हाला त्याची घाई. मला तिथेच हसू आलं, आणि घरी येईपर्यंत त्याचं रडू झालं. पीठ परातीत काढलं. माझा भाऊ माझ्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. निदान मला ऐकू आलेला नव्हता. पण मग सर्दी? सर्दी कशी खरी निघाली? याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.

लगेच लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. उघडं कार्ड पिंप्राळ्याच्या पोस्टातून घरी जाईपर्यंत चार जण वाचणार, आबा कोणाकडून तरी वाचून घेणार. अशी कारणं देत मी दीड महिना 'ऐकू आलं' लिहीत राहिले. टिकटिक तर ऐकू येतच होती. कसली, ते कोणी विचारलं नव्हतं. मध्ये दोन अमावस्या आल्या, त्या मी इमानाने कोऱ्या सोडल्या. इतका खोटेपणा मी त्याआधी कधी केला नव्हता आणि इतक्या नेटकेपणानेही नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. घरोघरी लेकी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले. आमच्या निंबाला एका बाजूला झोका आणि दुसऱ्या बाजूला भावाची तार. जेवणं झाल्यावर भाऊ निबंध घेऊन ओसरीवर बसला आणि आबांना वाचून दाखवायला लागला. आबांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण चंद्र आला की ते मान डोलवायचे. पाचव्या पानाला मी त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. गिरणी, पट्टा, ठिगळं, सुतक.

मला वाटलं होतं तो चिडेल. तो हसला. अगदी मोठ्याने हसला आणि पानं उलटी ठेवली. मग त्याचं हसू मध्येच थांबलं.

"अन् परवान्याची अक्षरं?" त्याने विचारलं. "ते कव्हा ऐकू आले तुले?"

"नाही आले."

"एकही दिवस?"

"एकही दिवस नाही."

"हे तू मले लिहिलं नाही."

गिरणीची चूक कोणाचीही झाली असती. ही माझी होती, आणि ती त्याने बरोबर हुडकून काढली होती. आबा मात्र दोघांकडे आळीपाळीने बघत विचारत होते की मग अमावस्येचं काय ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्याने निबंध मागे घेत असल्याचं पत्र संमेलनाला पाठवलं. मला म्हणाला की एकदा नीट करून बघू. मोठी बॅटरी पुन्हा जोडीन, सुरुवातीला होती तेवढी शक्ती देईन. चकती नाही, हाताने पाच अक्षरं वाजवीन, सावकाश, पुन्हा पुन्हा. कुठली, ते सांगणार नाही. तू गिरणी बंद ठेवून घे आणि जे ऐकू येईल ते लिहून पाठव. बोलण्यात राग नव्हता. माझ्याशी तो असं कधी बोलला नव्हता, एवढंच. वर्गातल्या नव्या मुलाशी बोलावं तसं बोलत होता.

धुळ्याला आल्यावर मी नानांना मध्ये घातलं आणि ते गिरणीवाल्याशी बोलले. अर्धा तास चालती गिरणी बंद करायची म्हणजे काय, हे त्याला पटायला वेळ लागला; पण भावाबहिणीचं काम आहे म्हटल्यावर त्याने मान्य केलं. ठरल्या दिवशी साडेनऊला गिरणी थांबली. दळणाला आलेल्या सात-आठ बायका डबे घेऊन आमच्या अंगणात येऊन बसल्या. गिरणीवाला पिठाच्या अंगाने दारात उभा राहिला. "गिरणी बंद करी दिधी, वहिनी. आते ऐका, तुमना भाऊ काय बोली ऱ्हायना," असं म्हणून त्याने बायकांना हातानेच गप्प केलं.

रेडिओत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि तिच्यात, फार खोल, शिटी आली. खरवडणं नाही, शिटीच. बारीक, गोल, तुटत तुटत येणारी. तिचा वेग मला ओळखीचा नव्हता. सहा महिने ज्याला मी भाऊ समजत होते त्याच्याशी तिचं काही नातं नव्हतं. कोणी अनोळखी माणसाने कडी वाजवावी तसं वाटलं. डोकं घाबरलं आणि अक्षरं निसटायला लागली. एक धरलं की पुढचं जायचं. अंगणात कोणी खोकलं. पूजा सोडून नाना बाहेर येऊन उभे राहिले होते. दहा वाजता शिटी थांबली तेव्हा कागदावर तीन अक्षरं होती आणि दोन रिकाम्या जागा. गिरणीवाल्याने विचारलं, काय म्हणाला भाऊ. सुखरूप आहे, असं मी सांगितलं. बायका डबे उचलून निघाल्या.

शिटी ऐकू आली, तीन अक्षरं मिळाली, दोन निसटली. असं लिहून मी तो कागद पाकिटात घालून पाठवला. दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करू, असंही लिहिलं.

उत्तर आठ दिवसांनी आलं. तीन अक्षरांपैकी दोन बरोबर होती, एक चूक. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, असं त्याने लिहिलं होतं. दोन अक्षरं योगायोगानेही जुळू शकतात. बॅटरी त्या अर्ध्या तासातच संपली, आणि नवी आणायचा सध्या विचार नाही. तार उतरवली, कारण आखाजीच्या झोक्याने निंबाची फांदी तशीही कमकुवत झाली होती. शेवटी एक ओळ होती: वहीत अशी नोंद केली आहे की धुळ्याला ऐकू आलं असं निरीक्षकाला वाटलं.

ती ओळ वाचून मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथे कार्ड घेतलं. लिहिलं की वाटलं नाही, ऐकलं. शिटी होती, तुझीच होती, माझी पक्की खात्री आहे. तोवर गिरणी सुरू झालेली होती आणि कोणाची तरी ज्वारी पडल्यासारखा आवाज मंदावत होता. घटस्थापनेच्या दिवशी, पहिली टिकटिक ऐकून मी सासूबाईंच्या पाया पडले होते, तेव्हाही माझी अशीच पक्की खात्री होती. कमी नाही, जास्त नाही, अगदी एवढीच. मी ते कार्ड टाकलं नाही, आणि त्या शिटीबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही.